पक्ष नसलेल्यांचा पक्ष

व्हँकुव्हरमध्ये नगरपालिकेचं मत द्यायला पहिल्यांदा गेलेल्या माणसाला घाम फुटतो. महापौर १, नगरसेवक १०, उद्यान मंडळाचे ७ आणि शाळा मंडळाचे ९. म्हणजे एकूण २७ खुणा करायच्या! आणि हे सगळे अख्ख्या शहरातून निवडायचे, कारण इथे वॉर्डच नाहीत. २०१८ साली तर कहर झाला. १५८ उमेदवार, आणि आडनावाच्या अक्षराचा फायदा कुणाला मिळू नये म्हणून नावं चिठ्ठ्या टाकून उलटसुलट छापलेली. मी आपली वाण्याच्या यादीसारखी चिठ्ठी घरून लिहून नेली होती, तरी तो भलामोठा कागद भरताना मान दुखली.

हे सगळं बाबांना फोनवर सांगत होते. ठाण्याला आमच्या कोपऱ्यावर नगरसेवकाचा फ्लेक्स कायम लटकलेला असायचा. गटार तुंबलं की कुणाला गाठायचं ते चौथीतल्या पोरालाही माहीत. बाबांचा प्रश्न साहजिक होता. "अगं, पण तुमचा नगरसेवक कोण?" दहाही जण आमचेच, आणि म्हटलं तर एकही नाही. "बरं, सत्तेवर पक्ष कुठला?" आता आली का पंचाईत! कारण या शहरावर गेल्या शतकात सगळ्यात जास्त काळ राज्य केलेल्या पक्षाचं नावच मुळी 'नॉन-पार्टिझन असोसिएशन' असं आहे. म्हणजे पक्षविरहित मंडळ. बाबा खो खो हसले. "म्हणजे पक्ष नसलेल्यांचा पक्ष! अगं, आमच्या सोसायटीत जे म्हणतात ना, 'आम्हाला राजकारण नको, फक्त काम करायचंय', तेच आदल्या रात्री पॅनल ठरवून येतात."

बाबा थट्टेत बोलले, पण नेमकं बोलले. त्यानंतर मी जरा खणून वाचलं. भाच्यांना आणि चुलत मंडळींना कॅनडा म्हणजे बर्फ आणि शांतता एवढंच माहीत असतं, म्हणून म्हटलं लिहूनच काढू.

गोष्ट सुरू होते मंदीच्या काळात. १९३५ साली या शहरात बेकारांचे मोर्चे निघत होते, आणि महापौर गेरी मॅकगीर यांनी व्हिक्टरी चौकात उभं राहून जमावबंदीचा कायदा स्वतः वाचून दाखवला होता. त्याच वर्षाच्या शेवटी मतदान घेऊन वॉर्ड रद्द झाले. वॉर्ड म्हणजे गल्लीबोळातलं राजकारण, नगरसेवकाने साऱ्या शहराचा विचार करावा, असा युक्तिवाद. कानाला किती गोड लागतो! पण अख्ख्या शहरात प्रचार करायला पैसा लागतो, ओळखी लागतात. त्या होत्या शहराच्या पश्चिमेला, बागबगीचेवाल्या घरांत. गिरण्या, गोदी आणि कामगार पूर्वेला.

गंमत अशी की पहिल्याच फटक्यात डाव उलटला. डावीकडच्या सीसीएफ पक्षाचे काही लोक या नव्या पद्धतीतही निवडून आले. १९३७ मध्ये हेलेना गटरिज ही शिवणकाम करून पोट भरणारी, स्त्रियांच्या मतासाठी लढलेली बाई नगरपालिकेत गेली. या शहराची पहिली स्त्री नगरसेवक. आता मात्र व्यापारी मंडळी खडबडून जागी झाली. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे लिबरल आणि कॉन्झर्वेटिव्ह एकत्र बसले, आणि १९३७ च्या नोव्हेंबरात ही नॉन-पार्टिझन असोसिएशन निघाली. लोक तिला 'एनपीए' म्हणतात. म्हणणं एकच, शहराच्या कारभारात पक्ष नको. कुठला पक्ष नको ते सांगायची गरज नव्हती.

थोडं अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या वर्षी ही मंडळी 'सगळ्या शहराचं हित' म्हणत एकत्र आली, त्या वर्षी तुमच्या-माझ्यासारख्यांना त्या शहरात मतच नव्हतं. चिनी, जपानी आणि 'हिंदू' (पंजाबातले शीख, मुसलमान, सगळेच त्यांच्या लेखी हिंदू) मतदारयादीच्या बाहेर. प्रांताने १९०७ मध्येच आपल्या लोकांचं मत काढून घेतलं होतं, ते परत मिळालं १९४७ मध्ये. तेच साल! भारतात स्वातंत्र्य आलं तेव्हा इथल्या आरा गिरणीत तीस-चाळीस वर्षं लाकूड कापलेल्या माणसाला नुकतंच मत मिळालं होतं.

१९३८ च्या निवडणुकीत, सीसीएफकडून आमदार झालेले डॉ. लायल टेलफर्ड महापौर झाले, पण तेवढंच. पुढे चाळीसच्या दशकापासून १९७२ पर्यंत नगरपालिकेत एनपीएचं बहुमत म्हणजे जवळपास ठरलेलं. हे लोक काही राक्षस नव्हते हं. वकील, दुकानदार, जमिनीचे दलाल. कर वाढवू नका, धंद्याला आडवे येऊ नका, हिशेब चोख ठेवा, या पठडीतले. रस्ते झाले, पूल झाले. पक्ष नाही म्हटल्यावर जाहीरनामा नाही, आणि जाहीरनामा नाही म्हटल्यावर मोडलेलं वचनही नाही. किती सोयीचं!

पण पूर्वेकडच्या लोकांचं ऐकून घेणारं वर कुणी नसलं की काय होतं, ते साठच्या दशकात दिसलं. चायनाटाऊनला लागून स्ट्रॅथकोना नावाची जुनी वस्ती आहे. लाकडी घरं, परसात भाजीचे वाफे. नगरपालिकेने ठरवलं की ही झोपडपट्टी आहे, पाडून नवं बांधायचं. आणि त्याच सुमाराला चायनाटाऊनमधून फ्रीवे न्यायची टूम निघाली. शेजारच्या होगन्स ॲली या भागात शहरातली कृष्णवर्णीय वस्ती एकवटलेली होती. ती फ्रीवेचा पहिला तुकडा म्हणून बांधलेल्या पुलांखाली गेली. स्ट्रॅथकोनातली चिनी कुटुंबं मात्र १९६८ च्या शेवटी संघटित झाली. घरोघरी फिरून सह्या, सभा, ओटाव्याहून मंत्री आले की त्यांना गल्लीतून फिरवणं. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने पाडापाडीचा पैसा रोखला, आणि फ्रीवेही बारगळला. आज व्हँकुव्हरच्या मध्यवस्तीतून फ्रीवे जात नाही याचं कौतुक जगभरचे नगररचनावाले करतात. ते श्रेय नगरपालिकेचं नाही, नगरपालिकेला अडवणाऱ्यांचं आहे.

त्या वेळी महापौर होते टॉम कॅम्पबेल. हिप्पींवर त्यांचा भारी राग. १९७१ च्या ऑगस्टमध्ये गॅसटाऊनमध्ये घोड्यांवरच्या पोलिसांनी तरुणांना झोडपलं, ते याच कारकिर्दीत. १९७२ मध्ये लोकांनी हिशेब केला. 'टीम' नावाच्या नव्या गटाने, आर्ट फिलिप्स यांच्या नेतृत्वाखाली, महापौरपद आणि १० पैकी ८ जागा घेतल्या. एनपीए भुईसपाट. टीमच्या त्या यादीत सेट्टी पेंडाकूर नावाचे विद्यापीठातले प्राध्यापक होते, आपल्या शेजारच्या कर्नाटकातले. मत मिळाल्यावर २५ वर्षांनी आपल्याकडचा माणूस त्या सभागृहात बसला.

एनपीए संपली असं तेव्हा वाटलं असेल. पण १९८६ मध्ये ती परत आली, आणि तीही गॉर्डन कॅम्पबेल यांच्या रूपाने, जे एकेकाळी आर्ट फिलिप्स यांचेच सहाय्यक होते. (आपल्याकडच्या लोकांना यात काही नवल वाटायचं नाही.) त्यांच्यानंतर १९९३ ला फिलिप ओवेन आले, आणि १९९६ ला एनपीएने २७ पैकी २७ जागा जिंकल्या. पूर्वेकडचं एकही माणूस विरोधात बसायलासुद्धा नाही!

आता या ओवेन यांच्याबद्दल जरा थांबून लिहायचंय, कारण हे सगळं वाचायला लागले ती त्यांच्यामुळे.

मी २००२ साली इथे आले. नोकरी डाऊनटाऊनमध्ये, आणि २० नंबरची बस हेस्टिंग्ज रस्त्यावरून जायची. मेन आणि हेस्टिंग्जच्या नाक्यावर पहिल्या दिवशी जे दिसलं ते विसरता येत नाही. फुटपाथवर रांगेने बसलेली माणसं, काही जण उघड्यावर दंडात सुई खुपसत होते. माझ्या वयाची एक मुलगी भर पावसात अनवाणी. मी मान वळवून मोबाइलकडे बघितलं. बसमधले बाकीचे सगळेही तेच करत होते.

या नाक्याच्या जवळ ओपनहायमर पार्क आहे. १९९७ च्या जुलैमध्ये तिथे लोकांनी हिरवळीवर हजार लाकडी क्रूस रोवले होते, ड्रगच्या अतिसेवनाने मेलेल्यांसाठी. एचआयव्ही इतका पसरला होता की त्याच वर्षी आरोग्य खात्याने आणीबाणी जाहीर केली. आणि महापौर कोण, तर फिलिप ओवेन. वडील या प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर होते, स्वतःचा कापडाचा धंदा, पश्चिमेकडचे घरंदाज गृहस्थ, एनपीएला हवा तसा माणूस. सुरुवातीला त्यांचं मत तेच होतं जे तुमच्या-आमच्या घरात ऐकू येतं, पोलीस वाढवा आणि यांना आत टाका.

पण ते त्या गल्ल्यांत जाऊन लोकांशी बोलायला लागले. नशेत अडकलेल्यांशी, त्यांच्या आयांशी, डॉक्टरांशी. आणि वयाची साठी उलटलेला हा माणूस बदलला. २००१ च्या मे महिन्यात त्यांनी नगरपालिकेकडून एक धोरण मंजूर करून घेतलं, एकमताने. चार खांब म्हणतात त्याला: प्रतिबंध, उपचार, पोलीस, आणि चौथा, हानी कमी करणं. चौथ्याचा अर्थ असा, की माणूस नशा सोडेपर्यंत निदान जिवंत राहिला पाहिजे, म्हणून त्याला स्वच्छ सुई द्या, नर्सच्या देखरेखीखाली जागा द्या. त्या काळी हे उघड बोलायला उत्तर अमेरिकेतल्या कुठल्या महापौराची छाती झाली असती!

त्यांच्याच मंडळातल्या बऱ्याच जणांना ते मानवलं नाही. दुकानदार चिडले होते. बसलेल्या महापौराला पुन्हा उमेदवारी मिळवायला स्वतःच्याच माणसांत निवडणूक लढवावी लागेल अशी वेळ आणली, आणि ओवेन बाजूला झाले. २००२ ला एनपीएने जेनिफर क्लार्क यांना उभं केलं. समोर डावीकडच्या 'कोप' गटाचे लॅरी कॅम्पबेल, पूर्वी प्रांताचे मुख्य कॉरोनर, म्हणजे ही सगळी प्रेतं ज्यांच्या टेबलावर गेली तो माणूस. ते दणक्यात निवडून आले, नगरपालिकेत ८ जागा कोपला. एनपीएने आपल्याच महापौराला ज्या धोरणापायी घरी बसवलं, तेच धोरण पुढे नेऊ म्हणणाऱ्याला शहराने निवडलं.

सप्टेंबर २००३ मध्ये हेस्टिंग्ज रस्त्यावर 'इनसाइट' सुरू झालं, देखरेखीखाली टोचून घेण्याचं उत्तर अमेरिकेतलं पहिलं कायदेशीर केंद्र. केंद्र सरकारने ते बंद पाडायचा प्रयत्न केला, पण २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने चालू ठेवायला सांगितलं. म्हणून प्रश्न सुटला असं मुळीच नाही. पुढे फेंटॅनिल आलं आणि २०१६ ला साऱ्या प्रांतात पुन्हा आणीबाणी जाहीर करावी लागली. सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, "नशा करायला सरकारी जागा? हे कसलं बाई!" मी वाद घातला नाही. त्यांना बसमधून तो नाका दाखवला. त्या बराच वेळ बाहेर बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "कुणाची तरी लेकरंच की ही." ओवेन २०२१ मध्ये गेले. मी त्यांना कधी मत दिलं नाही, देताही आलं नसतं, पण बातमी वाचून वाईट वाटलं.

एनपीए यातून काही शिकली का? २००५ ला त्यांचे सॅम सलिव्हन निवडून आले. मानेखाली अधू झालेले, चाकाच्या खुर्चीतून कारभार करणारे. २००६ ला ट्युरिनमध्ये त्यांनी ऑलिंपिकचा झेंडा खुर्चीला लावून खुर्चीच फिरवून तो फडकवला, ते जगाने पाहिलं. तीन वर्षांत मंडळाने त्यांनाही बाजूला करून पीटर लॅडनर यांना उमेदवारी दिली. ती २००८ ची निवडणूक, माझं इथलं पहिलं मत. लॅडनर पडले आणि पुढची दहा वर्षं शहर 'व्हिजन'कडे गेलं.

मधे २००४ ला वॉर्ड परत आणायचे का असं मत घेतलं होतं. ५४ टक्के लोकांनी 'नको' म्हटलं.

शेवटचा अंक बघताना मला आमच्या जुन्या सोसायटीची आठवण येत होती. २०१८ मध्ये एनपीएचे केन सिम हजाराहून कमी मतांनी महापौरपदाला मुकले, पण पाच नगरसेवक आले. एक २०१९ ला बाहेर पडल्या. २०२१ ला मंडळाच्या कार्यकारिणीने नगरसेवकांना न विचारता, सभासदांचं मत न घेता, पुढचा महापौरपदाचा उमेदवार परस्पर जाहीर केला. आणखी तिघी गेल्या. पाचापैकी उरल्या एक. त्या उमेदवारानेही २०२२ च्या निवडणुकीआधी दोनेक महिने अंग काढून घेतलं.

२०२२ च्या ऑक्टोबरात एनपीएला नगरपालिकेत, उद्यान मंडळात, शाळा मंडळात, कुठेही एक जागा मिळाली नाही. महापौर झाले तेच केन सिम, या शहराचे पहिले चिनी वंशाचे महापौर, 'एबीसी' नावाच्या नव्या पक्षाकडून. एबीसीने नगरसेवकपदासाठी सात जण उभे केले होते, सातही आले, आणि त्यांतल्या तिघी २०१८ ला एनपीएच्या यादीतून निवडून आलेल्या होत्या.