वळण आणि नजर

कारकून आणि वेग यांचे सूत जमल्याचे कोणी ऐकले आहे काय? एका मेजावरचा कागद शेजारच्या मेजावर जाण्यास जेथे आठवडा लागतो, अशा केंद्र सरकारच्या कचेरीत आयुष्य काढणाऱ्या आम्ही शर्यतीच्या मार्गावर स्पोर्ट्स मोटार हाकण्याची हौस धरावी, हे कोणालाही हास्यास्पद वाटेल. आमच्या कुटुंबाला मात्र हसू आले नाही. ताट वाढता वाढता ती एवढेच म्हणाली, "अहो, मोटारीचं नाव काढायचं नाही असं तुम्हीच म्हणाला होता ना?"

तिच्या प्रश्नाला कारण होते. चार वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात जालहळ्ळी क्रॉसजवळच्या एका वळणावर आमची जुनी मोटार वळण्याऐवजी सरळ दुभाजकावर गेली. आम्हाला खरचटलेही नाही. शेजारी बसलेल्या तिचा डावा हात मात्र सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. मोटार आम्ही विकून टाकली. विचारील त्याला सांगत आलो, "पाऊस होता, रस्ता निसरडा होता." पुढे पुढे ते आम्हालाही खरे वाटू लागले.

आमचे एक बेळगावकर स्नेही पीण्यात लेथचा लहानसा कारखाना चालवतात. 1970 च्या दशकात वसलेल्या या औद्योगिक क्षेत्रात लोखंडाला कोणताही आकार देणारा माणूस चार शेडच्या आत सापडतो. त्यांच्या शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक सॅन स्टॉर्म होती. गोव्यात तयार झालेली, फायबरग्लासच्या अंगाची, दोन आसनांची ही उघडी मोटार. इंजिन रेनोचे, शक्ती सुमारे 60 अश्व, म्हणजे आजच्या साध्या घरगुती मोटारीहून काही अधिक नव्हे. "शिकायला हीच बरी," स्नेही म्हणाले. "आणि रावसाहेब, भीती घालवायची ती तुमकूर रोडवर नव्हे. त्याला जागा वेगळी आहे."

ती जागा चेन्नईच्या अलीकडे, इरुंगाट्टुकोट्टै येथे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब 1953 पासूनचा. त्याच्या शर्यती पूर्वी शोळावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत. 1990 मध्ये हा स्वतंत्र मार्ग झाला. लांबी सुमारे 3.7 किलोमीटर, वळणे 12. शर्यती नसतात अशा काही दिवशी हौशी माणसांनाही तेथे आपली मोटार चालवता येते. तेथे कोणी पहिला येत नाही, कोणाला करंडक मिळत नाही.

तयारी महिनाभर शेडमध्येच चालली. ब्रेकचे पॅड नवे घातले, जुने ब्रेक ऑइल काढून ताजे भरले. हे ऑइल हवेतील पाणी शोषते आणि मग कमी उष्णतेला उकळते. ते उकळले, की पाय खाली जातो आणि मोटार थांबत नाही. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, म्हणून ब्रेकची काळजी इंजिनाच्या आधी. साधा मोटारविमा अशा ठिकाणी उपयोगी पडत नाही, हेही तेव्हाच कळले. आम्ही "वैयक्तिक कारणास्तव" एक दिवसाची नैमित्तिक रजा आणि मुख्यालय सोडण्याची परवानगी मागितली. कारण कोणते, हे साहेबांनी विचारले नाही.

सकाळी झेंड्यांचा पाठ झाला. पिवळा म्हणजे पुढे धोका, कोणाला ओलांडू नये. निळा म्हणजे मागून वेगवान मोटार येत आहे. लाल म्हणजे फेरी थांबली. मोटारीतील सुटी वस्तू, अगदी पाण्याची बाटलीसुद्धा, बाहेर काढली. मग डोक्यावर हेल्मेट आणि शेजारी शिक्षक. वयाने ते आमच्याहून लहान होते.

पहिल्या मोठ्या वळणाशी टायरांची रचलेली भिंत दिसली आणि आमचा पाय ब्रेकवर गच्च बसला. चाके अडकली, टायर किंचाळले, आणि चक्र फिरवूनही मोटार सरळ भिंतीकडे निघाली. "ब्रेक सोडा! भिंतीकडे नका बघू, वळणाकडे बघा!" शिक्षक ओरडले. पाय उचलताच मोटार वळली.

नंतर सावलीत बसून त्यांनी समजावले. टायरची पकड म्हणजे ठराविक पगार. सगळा ब्रेकवर उधळला, तर वळणासाठी दमडी उरत नाही. म्हणून वेग सरळ रस्त्यावरच कमी करावा, वळणात बाहेरून शिरावे, आतली कड गाठावी आणि पुन्हा बाहेर निघावे. आणि डोळे जिकडे, हात तिकडे. ज्याची भीती वाटते त्याच्याकडेच पाहत राहिले, की माणूस तेथेच जाऊन आदळतो.

पगाराची भाषा आम्हास चटकन कळते. आणि त्याच क्षणी जालहळ्ळी क्रॉसचा तो दुभाजक पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहिला. त्या दिवशी आम्ही दुभाजकाकडेच पाहत होतो, आणि पाय शेवटपर्यंत ब्रेकवर होता. पाऊस सगळ्यांवरच पडत होता. आमच्या मागच्यापुढच्या मोटारी वळून गेल्या होत्या.

दुपारच्या फेऱ्या आम्ही हळूच, पण नीट केल्या. शेवटची फेरी ब्रेक निवावेत म्हणून सावकाश घ्यायची असते. तीच आम्हाला सर्वांत चांगली जमली.

रात्री घरी आल्यावर आम्ही जेवणाआधीच बोललो. "तुझा हात मोडला तो पावसानं नव्हे. चूक माझी होती."

ती भाकरी उलटत म्हणाली, "मला ते त्याच दिवशी ठाऊक होतं. तुम्ही कधी म्हणता, एवढीच वाट बघत होते."

पुढच्या रविवारी स्नेह्यांची मोटार मागून आम्ही दोघे पीण्यातील रिकाम्या गल्ल्यांतून फिरलो. वेग ताशी तीस. पहिल्या वळणाशी तिने डावा हात दारावर घट्ट धरला. तिसऱ्या वळणापर्यंत तो तिच्या मांडीवर आला होता. तो पाहिल्याचे आम्ही तिला कळू दिले नाही. आमची नजर रस्त्यावर होती.