छत्री नको, उंबरठा हवा

आईला 'उंबरठा' बघायचा होता. जब्बार पटेल यांचा, स्मिता पाटीलचा, १९८२ चा. सहावी-सातवीत असताना तिने तो आजीबरोबर थिएटरात पाहिला होता आणि तेव्हा त्यातलं फारसं काही कळलं नव्हतं, असं ती म्हणते. आता निवृत्तीनंतर निवांतपणे बघायचा होता. टीव्हीला जोडायची ती काडीसारखी स्टिक मीच मागच्या दिवाळीत साताऱ्याला जाऊन लावून दिली होती. रिमोटवरचं माइकचं बटण दाबायचं, बोलायचं आणि सोडायचं, एवढंच शिकवून मी बेंगळुरूला परतले.

आईने बटण दाबलं आणि म्हणाली, "उंबरठा." टीव्हीने छत्र्या दाखवल्या. छत्री घेऊन नाचणारं अस्वल, पावसाची इंग्रजी बालगीतं. ती पुन्हा म्हणाली. पुन्हा छत्री. तिसऱ्यांदा ती ओरडली असणार, कारण शेजारच्या काकू विचारायला आल्या.

रात्री साडेआठला तिचा फोन आला. माझं काम संपलेलं नव्हतं. "अगं, टाइप करून बघ ना," मी म्हटलं. "कोणतं स्पेलिंग?" तिने विचारलं. खरं सांगते, मलाही पटकन सांगता आलं नाही. यू-एम-बी-ए-आर-टी-एच-ए? मध्ये आणखी एक ए? मी म्हटलं, "आई, नंतर बोलू." दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा फोन केला, तो मी कट केला. तिसऱ्या दिवशी फोन आला नाही. मला वाटलं, जमलं वाटतं तिला.

जमलं नव्हतं. तिने मोबाइलवर मदतीचा नंबर शोधला आणि सगळ्यात वर जो दिसला तो फिरवला. पलीकडचा माणूस हिंदीत फार अदबीने बोलला. तुमचं डिव्हाइस रजिस्टर झालेलं नाही, म्हणून सर्च बंद आहे, १,४९९ रुपये भरा, असं त्याने सांगितलं. मग एक अ‍ॅप डाउनलोड करायला लावलं, ज्यातून तिची स्क्रीन त्याला दिसली असती. आणि मग म्हणाला, आता बँकेचं अ‍ॅप उघडा. तिथे आई थांबली. "सिनेमा सापडत नाही तर बँक कशाला उघडायची?" असं विचारून तिने फोन ठेवला आणि ते अ‍ॅप काढून टाकलं. हे मला कळलं चार दिवसांनी, तेही बोलता बोलता. तिने टीव्ही लावणंच बंद केलं होतं. "मला नाही जमत गं ते," म्हणाली. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई.

त्या शनिवारी मी साताऱ्याला गेले. यावेळी रिमोट तिच्याच हातात ठेवला.

पहिली चूक माझीच निघाली. आपण माइकमध्ये बोलतो तेव्हा आपला आवाज इंटरनेटवरून जातो आणि त्याची अक्षरं होऊन परत येतात. कोणत्या भाषेतले शब्द अपेक्षित आहेत, हे सेटिंगमधली भाषा ठरवते. मी घाईत इंग्रजी ठेवली होती. इंग्रजी ऐकायला बसलेल्या यंत्राला 'उंबरठा' म्हणजे 'अम्ब्रेला'च वाटणार. त्याच्या दृष्टीने तो जवळचा शब्द होता. आईच्या स्टिकच्या यादीत मराठी नव्हती, हिंदी होती. तुमच्या टीव्हीवर मराठी असेल तर आधी तीच लावून बघा. आम्ही हिंदी लावली. दुसऱ्या प्रयत्नात पडद्यावर चक्क 'उंबरठा' उमटलं. आईने माझ्याकडे बघितलं. खाली मात्र एकही सिनेमा नव्हता.

इथे बरेच जण हात टेकतात. अक्षरं बरोबर असूनही काही सापडत नाही, कारण सिनेमाचं नाव पलीकडे रोमन लिपीत नोंदवलेलं असू शकतं आणि ते कोणी कसं लिहावं याला काही नियम नाही. 'श्वास' घ्या. एस-एच नंतर डब्ल्यू की व्ही? एक ए की दोन? 'बनवाबनवी'त तर हा प्रश्न दोनदा येतो. शाळेत आपल्याला 'अ'ला ए शिकवला आणि 'आ'लाही एच. त्यामुळे पूर्ण नाव टाइप करूच नका. पहिली तीन-चार अक्षरं टाका आणि क्षणभर थांबा, खाली यादी येऊ लागते. जितकी जास्त अक्षरं टाकाल तितक्या चुकायच्या जागा वाढतात.

त्याहून सोपी वाट आईने काढली. "सिनेमाचं नाव राहू दे, मी स्मितालाच हाक मारते," असं म्हणून ती माइकमध्ये "स्मिता पाटील" म्हणाली. रांगच लागली. कलाकारांची नावं ही यंत्रं बरीच बरी ओळखतात, हा माझाही अनुभव आहे. त्या रांगेत 'उंबरठा' नव्हता, पण आईचा आवाज बदलला होता. आता ती शोधत होती.

पुढची गोष्ट मला माहीत असायला हवी होती. मुख्य पडद्यावरची सर्च सगळ्या अ‍ॅपांमध्ये शोधते, असं आपण धरून चालतो. ते खरं नाही. जी अ‍ॅप आपली यादी त्या डिव्हाइसला देतात, तेवढ्यांतच ती शोधते. बाकीच्यांत आपल्यालाच आत जाऊन तिथल्या भिंगाच्या खुणेवर दाबावं लागतं. म्हणजे बाहेर 'सापडलं नाही' दिसलं तरी सिनेमा नाहीच, असं समजू नका. आणि आतही नसेल, तर तो सध्या त्या अ‍ॅपकडे नसेल. सिनेमांचे हक्क ठरावीक मुदतीचे असतात, काल दिसलेला आज निघून जातो. त्यात तुमचं काही चुकत नाही.

आम्ही एकेका अ‍ॅपमध्ये गेलो. तिसऱ्यात फक्त कार्टून. तेवढ्यात आईनेच कोपऱ्यातलं चित्र दाखवलं. "हे अस्वल माझं नाही." ताईचा मुलगा मे महिन्यात राहायला आला होता, त्याचं लहान मुलांचं प्रोफाइल तसंच चालू होतं. त्यात मोठ्यांचे सिनेमे दाखवतच नाहीत, मग कितीही अचूक स्पेलिंग टाका. प्रोफाइल बदललं, चार अक्षरं टाकली आणि 'उंबरठा' समोर.

तुमच्याकडे सर्च नुसती गोल गोल फिरत असेल तर तो आजार वेगळा. स्टिकची पिन काढून मिनिटभराने लावा. ती टीव्हीच्या यूएसबीतून वीज घेत असेल तर सोबत आलेल्या अ‍ॅडाप्टरवर घ्या, कारण टीव्हीच्या त्या जागेतून बहुधा तिला पुरेशी वीज मिळत नाही. न लागणारी अ‍ॅप काढा, जागा होते. 'कॅशे' पुसायला हरकत नाही. त्याच्या शेजारचं 'डेटा' पुसलं तर मात्र पुन्हा लॉगिन करावं लागेल, तेव्हा पासवर्ड हाताशी असू द्या. आणि हो, रिमोटचे सेल. त्यावर मी अधिक बोलत नाही, आमच्याकडे एकदा तेवढंच निघालं होतं.

मदतीचा नंबर मात्र गुगलवर शोधू नका. खोक्यावर किंवा डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये असतो, तोच घ्या. सर्च दुरुस्त करायला रजिस्ट्रेशनचे पैसे कोणी मागत असेल, तर तो चोर. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. तो सायबर गुन्ह्यांसाठीचा सरकारी नंबर आहे आणि तिथे वेळेला किंमत असते. हे सगळं आईने वहीत लिहून घेतलं. वही आता टीव्हीखाली असते.

रात्री आम्ही सिनेमा बघितला. सुलभा घर सोडून महिलाश्रमाच्या नोकरीला निघते तेव्हा आई पुढे सरकून बसली. मी मध्येच काहीतरी विचारलं, तर "श्श" म्हणाली.

परवा मंगळवारी पुन्हा साडेआठला फोन. मी लॅपटॉप बाजूला ठेवला. "बोल गं, काय सापडत नाहीये?"

"काही नाही. 'बनवाबनवी' मिळाला, ते सांगायला केला. व्हीने नाही, डब्ल्यूने." मागून अशोक सराफांचा आवाज येत होता. "ठेवते आता, चालू आहे."