परतलेला प्रवासी

परदेशी जाणाऱ्यास निरोप देण्याची रीत सर्व देशांत आहे. परत आलेल्याशी कसे वागावे याची रीत मात्र कोठेच नीटशी बसलेली दिसत नाही. त्याच्या गळ्यात हार पडतो, दोन दिवस कौतुक होते, आणि तिसऱ्या दिवशी तो पूर्वीसारखा झाला असे सर्वजण धरून चालतात. तो मात्र तसा झालेला नसतो. त्यातून त्याच्या पायाची भिंगरी अद्याप थांबलेली नसेल, तर त्याची अवस्था अधिकच अवघड. घरी आल्याचा आनंद खरा आणि पुन्हा निघावे ही ओढही खरी. परंतु या दोहोंपैकी एक खोटी असलीच पाहिजे, असा जगाचा आग्रह असतो.

अमेरिकन वाङ्मय शिकविण्यात आमची सुमारे तीस वर्षे गेली. त्या वाङ्मयात हा परतलेला मनुष्य आम्हांस पदोपदी भेटत आला आहे. वॉशिंग्टन अर्व्हिंग १८१५ साली इंग्लंडास गेला तो सतरा वर्षांनी, १८३२ च्या मे महिन्यात, न्यूयॉर्कास परतला. नगरवासीयांनी त्याला मोठी मेजवानी दिली. आता हा गृहस्थ स्वस्थ बसेल असे त्यांस वाटले असावे. पण त्याच वर्षीच्या शरदात स्वारी घोड्यावर बसून आजच्या ओक्लाहोमा संस्थानातील गवताळ माळरानांत हिंडत होती! पुढे हडसन नदीच्या काठी त्याने टुमदार घर केले, आणि तरीही १८४२ मध्ये वकील म्हणून स्पेनला जाण्यास तो सिद्ध झालाच.

नथॅनिएल हॉथॉर्नची गोष्ट याहून करुण आहे. लिव्हरपूलची वकिलात, नंतर फ्रान्स-इटलीतील वास्तव्य, अशी सात वर्षे काढून तो १८६० साली काँकॉर्ड येथील आपल्या घरी आला. फ्लॉरेन्सजवळ तो ज्या हवेलीत राहिला होता तिला एक जुना बुरूज होता. त्या आठवणीने त्याने आपल्या लाकडी घरावर लेखनासाठी एक मनोरा चढविला. इटली काही त्या मनोऱ्यात उतरली नाही. उन्हाळ्यात मात्र तेथे बसवेनासे होई. परदेश सोबत आणता येत नाही, हे त्या मनोऱ्याने जितके स्पष्ट सांगितले तितके कोणत्याही ग्रंथाने सांगितले नसेल.

हेन्री जेम्स वीसहून अधिक वर्षांनी १९०४ मध्ये स्वदेशी आला, तेव्हा न्यूयॉर्कातील त्याचे जन्मघरही जाग्यावर उरले नव्हते. सुमारे वर्षभर देश पाहून तो इंग्लंडास परत गेला.

आता ही थोरामोठ्यांची उदाहरणे बाजूस ठेवू. आमचे एक अमेरिकन स्नेही पुण्यात सहा वर्षे राहून मराठीचा अभ्यास करीत होते. घरमालकीणबाईंना ते 'काकू' म्हणत, आणि काकूही त्यांस 'जेवलास का रे?' असे विचारल्यावाचून जिना चढू देत नसत. मातोश्री ऐंशीच्या पुढे गेल्या, म्हणून हे गृहस्थ ओहायो संस्थानातील आपल्या गावी परतले. तेथून आलेल्या त्यांच्या पत्रातील एक वाक्य आम्हांस विसरता येत नाही. त्यांनी लिहिले होते : 'हिंदुस्थान कसा होता, असे सगळे विचारतात, पण माझे दुसरे वाक्य कोणीच ऐकत नाही.' पुढे त्यांनी प्रश्न केला होता, की आई समोर बसलेली असता मन पुन्हा आगबोटी नि विमाने शोधते, ही कृतघ्नता नव्हे काय?

पहिल्या तक्रारीस शास्त्राचा आधार आहे. १९६३ साली गलाहॉर्न दांपत्याने परदेशाहून परतलेल्या अमेरिकन विद्यार्थी-अध्यापकांचा अभ्यास करून असे मांडले, की परमुलखात रुळताना मनाचे जे चढउतार होतात तेच मायदेशी आल्यावर पुन्हा एकवार होतात. परंतु दुसऱ्या प्रश्नास अशा आलेखाचे उत्तर पुरत नाही. शिवाय तेथील नोकरदारास वर्षाकाठी अमुक दिवस पगारी रजा मिळालीच पाहिजे, असा संयुक्त संस्थानांचा मध्यवर्ती कायदा नाही. तेव्हा मन निघाले तरी मनुष्य निघेलच असे नाही.

गेल्या शरदात आम्ही काही दिवस त्यांच्याकडे होतो. एके सकाळी त्यांनी आम्हांस नेवार्क येथे नेले. सुमारे सोळाशे ते दोन हजार वर्षांपूर्वी तेथील मूळ रहिवाशांनी टोपल्यांनी माती वाहून वर्तुळे नि अष्टकोन यांच्या आकाराचे प्रचंड बांध रचले आहेत. एका वर्तुळाचा व्यासच सुमारे बाराशे फूट. म्हणजे आमच्या कार्ल्याचे चैत्यगृह कोरले गेले त्यानंतर फार काळ लोटला नव्हता! १९८२ मध्ये एक पदार्थविज्ञानाचे नि एक तत्त्वज्ञानाचे अशा दोन प्राध्यापकांनी दाखविले, की अष्टकोनाची रेषा चंद्राच्या अगदी उत्तरेकडील उदयस्थानावर रोखलेली आहे. ते स्थान चंद्र १८.६ वर्षांनी एकदा गाठतो. या अष्टकोनावर शंभराहून अधिक वर्षे गोल्फचा खेळ चालला होता. २०२३ साली या बांधांची गणना जागतिक वारशात झाली, आणि २०२५ च्या आरंभापासून तो अष्टकोन सर्वांस खुला झाला.

आमचे स्नेही तेथून तासाभराच्या अंतरावर वाढलेले; पण कार्ले चार वेळा पाहिलेल्या या माणसाने हे बांध पुण्याहून परतल्यावरच प्रथम पाहिले. परक्या देशात पाहावयास शिकलेली दृष्टी त्यांनी घरी आणली होती, हॉथॉर्नला मनोरा आणता आला नाही तरी. बांधावर उभे असता ते एकाएकी म्हणाले, 'काकूंना हे दाखवायला हवे होते.' त्यावर आम्हांस काही बोलवले नाही. काकूंना जाऊन वर्ष झाले होते.

घरचा मुलूख असा नव्याने सापडला म्हणून त्यांची भिंगरी थांबली असे मात्र कोणी समजू नये. त्याच रात्री, आईंना औषध देऊन झाल्यावर, हे गृहस्थ जेवणाच्या मेजावर शिकागोहून पॅसिफिक किनाऱ्याकडे जाणाऱ्या आगगाडीचे वेळापत्रक पसरून बसले होते! आणि आईंनीच चष्मा पुसत विचारले, 'कोणते डोंगर लागतात रे वाटेत?'

त्या प्रश्नात आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर आहे असे आम्हांस वाटते. प्रवासाची ओढ ही घरावरील अप्रीती नव्हे. कृतघ्नता दोनच ठिकाणी संभवते : परदेशाच्या मापाने घरच्या माणसांस उणे लेखण्यात, आणि त्यांच्यासाठी आपण केवढा त्याग केला हे त्यांस उठता-बसता जाणवू देण्यात. ओढ लपविल्याने हा दुसरा दोष हमखास घडतो. ती उघडपणे मेजावर मांडली तर ऐंशी वर्षांची माताही तिच्यात वाटेकरी होते. अर्व्हिंग अखेर हडसनकाठच्या आपल्या घरी वारला. हॉथॉर्न १८६४ मध्ये मित्रासमवेत प्रवासास निघाला असता वाटेतच गेला. यांतील एकाचे प्रेम घरावर अधिक नि दुसऱ्याचे कमी, असे कोण म्हणेल? आईजवळ राहणे हे आमच्या स्नेह्यांचे आजचे कर्तव्य आहे व ते ते करीत आहेत. वेळापत्रक मात्र त्यांनी मेजावरून उचलू नये.