कावेरीकाठची साखळी

म्हैसूरला अभ्यागत प्राध्यापक म्हणून आल्यापासून दर रविवारी मी कृष्णराजनगरला जातो. तेथे कावेरी आहे, पण मी जातो तो आक्कासाठी. कर्करोगावरचे दुसरे औषधही तिला आता सोसेनासे झाले आहे. तिची मुलगी रसायनशास्त्रात संशोधन करते. परवा तिने संगणकावर मला एक पेप्टाइड दाखविले : मधमाशीच्या विषातील मेलिटिन. अवघ्या २६ अमिनो आम्लांची साखळी.

मी तुलनात्मक साहित्याचा माणूस. साखळी पाहिली की मला वाक्यच आठवते. चौदाव्या जागी प्रोलिन येते आणि तेथे ही साखळी वाकते. शेवटाकडे धनभारित आम्लांची दाटी होते. कर्कपेशींच्या पटलाबाहेर ऋणभार बहुधा अधिक असतो. साखळी तिकडे ओढली जाते व पटलाला छिद्रे पाडते. अशा साखळीला कोणते कोन घेता येतात याचा नकाशा १९६३ साली मद्रासला रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी मांडला. मला तर ते व्याकरणच वाटले.

परंतु मेलिटिन तांबड्या रक्तपेशीही फोडते, आणि खरी अडचण तेथेच आहे. म्हणून भाची एकेक आम्ल बदलते, पाण्यात आणि पटलात त्या साखळीचे काय होईल ते गणिताने पाहते, आणि बहुतेक साखळ्या टाकून देते. प्रयोगशाळेत घडवायच्या त्या थोड्याच.

“आक्काला हे केव्हा मिळेल?” न राहवून मी विचारले.

“मामा, हे अजून औषध नाही,” ती म्हणाली.

आतून आक्काने पाणी मागितले. संगणक तसाच उघडा ठेवून ती उठली.