तालीम

कोल्हापूरच्या पेठेतली तालीम दिसायला साधी असते. आत लाल मातीचा हौदा, कोनाड्यात मारुती, भिंतीला टेकवलेल्या मुदगलांच्या जोड्या, बाहेर दगडी कट्टा. वरच्या मजल्यावर कपाट, आणि कपाटात ढाली, चषक, जुने फोटो. नवख्या माणसाला वाटावं, इथं कुस्तीगीर घडत असतील. घडायचेच. पण डिसेंबर ते मे या दिवसांत तिच्या दारात उभं राहिलं, तर बुटांच्या जोड्या, धुऊन वाळत टाकलेले मोजे आणि ऑफसाइडवरून पेटलेला वाद भेटतो. तालमीनं फुटबॉल घरात घेतला तो संस्थानी काळात, आणि तेव्हापासून तो घरचाच आहे.

पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. ही फुटबॉल संघांची नावं आहेत. यांच्याच जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ, फुलेवाडी. देशात इतरत्र क्लब गिरणीनं काढले, बँकेनं काढले, खाणमालकांनी काढले. मालकाचा विचार बदलला की क्लब मिटला. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघच बंद झाला. तालमीला मालक नाही. तिला पेठ आहे. पेठ वर्गणी देते, गणपती बसवते, मोहरमात काही तालमींमध्ये पंजेही बसवते. २०१८ ते २०२० अशी तीन वर्षं गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र आले, तेव्हा गणपती आणि पंजे शेजारी शेजारी बसलेले कोल्हापूरनं पाहिले. ज्या दारातून गणपतीची आणि पंज्यांची मिरवणूक निघते, त्याच दारातून सामन्याच्या दिवशी संघ निघतो. म्हणून संघाचं हरणं हे अकरा जणांचं हरणं राहत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरचा. आमच्याकडे व्यायामशाळा म्हटलं की डोळ्यांपुढे अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ येतं. १९१४ मध्ये स्थापन झालेलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ तिथं दाखवून आलेलं. वऱ्हाडात आखाडा कबड्डीकडे गेला, मल्लखांबाकडे गेला. फुटबॉलकडे गेलेला आखाडा मला कोल्हापुरात पहिल्यांदा भेटला, आणि त्याच्या आठवणी ऐकून मी गुंतलो. आमच्याकडे शंकरपटातल्या बैलजोडीचं नाव जसं गावोगाव वर्षानुवर्षं टिकतं, तशी इथं खेळाडूंची नावं टिकली आहेत. बहुतेक टोपणनावंच. खरं नाव विचारलं तर कट्ट्यावरची माणसं एकमेकांकडे पाहतात.

तालमीची स्मरणशक्ती जबर आहे, पण ती गोल मोजत नाही. हे कळायला मला वेळ लागला. एखाद्या हंगामात सर्वांत जास्त गोल कुणी केले, असं विचारा. कट्ट्यावर दोन आकडे येतील, दोन्हींवर वाद होईल, आणि मग कुणी तरी म्हातारा हात झटकून म्हणेल, ‘ते ऱ्हाऊ दे. गडी बघायचा तर त्यो. पाय काढला न्हाई कधी.’

पाय न काढणं. समोरून प्रतिस्पर्धी पूर्ण वेगानं चेंडूवर येतोय, आपलाही पाय गेलाय, आणि आता हाडावर हाड बसणार हे दोघांनाही कळलंय. त्या क्षणी पाय मागे घेणारा आणि न घेणारा, अशी तालीम माणसं वेगळी करते. एकदा पाय काढलेला खेळाडू पुढे कितीही सुंदर खेळला तरी तिला तो पुरता आपला वाटत नाही. आणि पाय न काढणारा बॅक, ज्यानं आयुष्यात गोल केला नसेल, त्याचा फोटो दर्शनी भिंतीवर असतो.

यात कुस्तीचं रक्त आहे, असं मला वाटतं. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेल्या मातीत जी वागणूक शिकवली जायची, तीच पुढे मैदानावर आली. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर हिरवळ येण्याआधीच्या पिढ्या तिथल्या उघड्या, मुरमाड मातीवर खेळल्या. एकेकाळी त्या जागी रावणेश्वराचं तळं होतं. त्या मातीवर घसरून अडवायचं म्हणजे मांडीची सालं काढून घेणं. जुन्या खेळाडूंच्या गुडघ्यांवर ते व्रण आजही आहेत, आणि कट्ट्यावर पँट वर करून ते दाखवलेही जातात. तालमीला हे दाखवणं आवडतं. व्रण कुठल्या सामन्यातला, समोर कोण होता, निकाल काय लागला, हे सांगताना सांगणाऱ्याचा आवाज चढतो, आणि बाजूला बसलेली दहा-बारा वर्षांची पोरं हलत नाहीत.

सामन्याच्या दिवशी तिचा स्वभाव बदलतो. एरवी ती कुणालाही चहा पाजेल. त्या दिवशी दुसऱ्या पेठेतून आलेल्या जावयालाही ती शत्रूच मानते. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यातली ईर्षा कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. दुपारपासून गाड्या निघतात, झेंडे निघतात, हलगी कडाडायला लागते. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर कोण कुठं बसणार हे ठरलेलं असतं. बायकाही येतात, आणि आपल्या गल्लीतल्या पोराला समोरच्यानं पाडलं तर पहिला आवाज तिकडूनच उठतो. त्या पोराला तिथल्या प्रत्येकीनं लहानपणी उघड्या अंगानं फिरताना पाहिलेलं असतं. हाच इथल्या पाठीराख्यांचा मोठेपणा. ज्याच्या नावानं ते ओरडतात, तो सकाळी त्यांच्याच नळावर पाणी भरत होता.

तालमीत दोषही आहेत, आणि ते लपवून तिचं चित्र काढता येणार नाही. ईर्षेचा पारा चढला की हुल्लड होते, दगड येतात, पोलीस येतात, स्पर्धा थांबते. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनला, म्हणजे केएसएला, कारवाई करावी लागते. मला याचा राग येतो. ज्या पोरानं तालमीसाठी पाय काढला नाही, त्याचा खेळ तालमीच्याच माणसांनी बंद पाडावा, यासारखा त्याचा दुसरा अपमान नाही. कट्ट्यावरचे जाणते हे बोलून दाखवतात, आणि तेवढ्यापुरती तालीम मान खाली घालते.

दुसरी गोष्ट पैशाची. स्पर्धांची बक्षिसं वाढली, पुरस्कर्ते आले, नायजेरियातूनही खेळाडू आले. एका हंगामात या पेठेचा असलेला गडी पुढच्या हंगामात त्या पेठेच्या जर्सीत दिसू लागला. जुनी माणसं यावर कडू बोलतात. मला ते पूर्ण पटत नाही. फुटबॉलपटूचं खेळायचं वय दहा वर्षांचं. त्यात चार पैसे मिळाले तर कुणाच्या घराचं छत नीट होतं. आणि तालीमही याबाबतीत बोलते त्यापेक्षा उदार आहे. परदेशातून आलेला एखादा पोरगा चिखलात शेवटच्या मिनिटापर्यंत धावला, तर त्याचं नाव तिनं मराठी करून टाकलेलं असतं, गल्लीतल्या घरांतून त्याला जेवणाचे डबे जातात, आणि तो गेल्यावरही विचारणा होत राहते. पाय काढला की नाही, एवढंच तिला पाहायचं असतं.

मात्र एकाच जर्सीत आयुष्य घालवलेल्यांची जागा वेगळी, हे खरं. रोमचा फ्रान्चेस्को तोत्ती १९९३ ते २०१७ एकाच क्लबकडून खेळला, आपल्याच शहराच्या. रेआल माद्रिदला तो गेला नाही. त्याच्या शेवटच्या सामन्यात अख्खं मैदान रडलं, आणि जगानं ते नवलानं पाहिलं. कोल्हापूरच्या कट्ट्यावर त्याचं नवल नाही. इथं विश्वचषक आला की गल्लोगल्ली मेस्सी आणि नेमारचे फलक लागतात, ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्या नावानं घरं फुटतात. पण शेवटी बोलणं फिरून येतं ते नोकरीवरून सुटून सायकलनं थेट मैदानावर पोहोचणाऱ्या, पंधरा-पंधरा वर्षं एकाच तालमीकडून खेळलेल्या कुणाकडे तरी.

क्वचित एखादा पेठेपेक्षा मोठा होतो. अनिकेत जाधव कोल्हापूरचा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये दिल्लीत भारताच्या सतरा वर्षांखालील संघातून विश्वचषक खेळला. भारत फिफाच्या कुठल्याही विश्वचषकात पहिल्यांदाच उतरला होता. अमेरिका, कोलंबिया, घाना, तिन्ही सामने भारत हरला. कोल्हापूरनं त्यातला प्रत्येक स्पर्श मोजला. निखिल कदम इथूनच मोहन बागानपर्यंत गेला. अशा वेळी सगळ्या तालमी एकमेकींशी भांडायचं थांबून ‘आपला’ म्हणतात.

मला काळजी आहे ती तालमीच्या आठवणींची. त्या लिहिलेल्या नाहीत. फोटोंच्या मागे नावं नाहीत. ओळीत डावीकडून तिसरा कोण, हे सांगू शकणारी दोन-तीन माणसं उरतात आणि मग तीही राहत नाहीत. वर्तमानपत्रात निकाल मिळेल, गोल करणाऱ्याचं नाव मिळेल. पाय न काढणाऱ्याची नोंद कुठंच मिळणार नाही. एखाद्या तालमीच्या पोरांनी मोबाइल घेऊन या माणसांसमोर बसावं, त्यांना बोलतं करावं, प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीनं नावं लिहावीत. एका हंगामाच्या दोन सामन्यांमधल्या सुट्टीत होईल एवढंच हे काम आहे.

सुरुवात कुठून करायची, तेही कट्ट्यावर तयार आहे. तालमीचा आजवरचा सर्वोत्तम संघ निवडा, एवढं म्हणायचं. दोन्ही बॅक पटकन ठरतात. मधली फळी थोड्या वादानं ठरते. फॉरवर्डला जुना की नवा, यावर चहाची एक फेरी जाते. गोलकीपरवर मात्र गाडं अडतं. एक गट म्हणतो, ज्यानं बोट मोडलेल्या हातानं टायब्रेकर अडवला तो. दुसरा गट दुसऱ्याचंच नाव घेतो आणि म्हणतो, पहिला मोठा खराच, पण कॉर्नरला कच्चा होता. मग कुणी तरी उठून वर जातो आणि कपाटातून पुरावा म्हणून एक फोटो घेऊन येतो, आणि त्या फोटोतला गोलकीपर या दोघांपैकी कुणीच नसतो. ‘आरं, ह्याला इसरलो की आपण,’ असं म्हणत सगळे पुन्हा पहिल्या नावापासून सुरू करतात.