तासांचा हिशेब

माझी भाची न्यू जर्सीत वाढली, पुतणी इथेच रायपुरात. डॉक्टर दोघींनाही व्हायचं आहे. भाचीला अर्जासोबत निबंध लिहावा लागतो: वैद्यकाकडेच का वळावंसं वाटलं? मर्यादा ५,३०० अक्षरांची. शिवाय कुठे काय काम केलं, किती तास सेवा केली, याच्या जास्तीत जास्त १५ नोंदी. पुतणीला असं कोणी काही विचारत नाही. तीन तास, १८० प्रश्न, ७२० गुण. नीटच्या पेपरात ‘तुला का व्हायचंय?’ हा प्रश्न नसतो.

गेल्या जूनमध्ये भाची आली ती तासांचा हिशेब घेऊनच. “मावशी, तीन आठवड्यांत साठ तास होतील असं काहीतरी बघ ना.” सेवा अशी तासांवर मोजलेली ऐकून मला गंमतही वाटली आणि थोडं खटकलंही. पण त्या अटीमागचा विचार पटण्यासारखा आहे. आजारी माणसाजवळ चार दिवस उभं राहिल्याशिवाय हे शिक्षण मागूच नये, यात वावगं काय?

इथल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात माझ्या ओळखीची काही मंडळी खेड्यांतून आलेल्या रुग्णांना मदत करतात. चिठ्ठी वाचून दाखवायची, सोनोग्राफीची खोली शोधून द्यायची, रांगेत जागा धरायची. भाची त्यांच्यासोबत जाऊ लागली. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी तिचा हात धरून सारखं म्हणत राहिली, “पेट पिरावत हे.” भाचीला मराठी येतं, हिंदी जेमतेम. तिने घरी फोन लावला. पुतणी सराव परीक्षेचा पेपर सोडवत होती. “अगं, पोट दुखतंय त्यांचं. विचार, ‘कब ले पिरावत हे, दाई?’” आणि मग फोनवरून तीच त्या म्हातारीशी बोलत राहिली.

पुढच्या रविवारी पुतणीही गेली. माझी जाऊ रागावली, “नीटला याचे गुण आहेत का?” तिचं चुकत नव्हतं. तिथे एका बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, एक चुकलं की उलट एक जातो. एवढ्याशा फरकाने सरकारी महाविद्यालय हातचं जातं, आणि खासगीची फी आमच्यासारख्या घरांना झेपत नाही. पण मला राहून राहून वाटत होतं, जिला ‘का’ विचारतात तिला रुग्णाची भाषा येत नाही, आणि जिला ती भाषा येते तिला कोणी काही विचारत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न कधी विचारलाच गेला नाही, असं नाही. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. तिथल्या प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांवर वेगळा पेपर असे. त्यासाठी गांधी नुसते पाठ करणारी मुलंही असणारच. नीट आली आणि तो पेपर गेला. पण प्रवेश मिळाल्यावर आश्रमात राहणं, तुकडीने एक गाव दत्तक घेणं, प्रत्येकाकडे काही कुटुंबं सोपवणं, ही तिथली रीत. मला ती त्या पेपरापेक्षा मोलाची वाटते. निबंधात काहीही लिहिता येतं; ज्या घरी वारंवार जायचं, तिथे सोंग फार दिवस टिकत नाही.

आमच्या छत्तीसगडमध्ये चांपाजवळ कुष्ठरुग्णांचा आश्रम आहे. सदाशिवराव कात्रे यांनी तो १९६२मध्ये सुरू केला. ते स्वतः कुष्ठरुग्ण होते. दामोदर गणेश बापट मूळचे अमरावती जिल्ह्यातले. वनवासी मुलांना शिकवायला म्हणून ते या भागात आले, १९७२मध्ये कात्र्यांकडे गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. वैद्यकाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १७ ऑगस्ट २०१९ला ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देह बिलासपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला गेला. चार दशकांहून अधिक काळ रुग्णांमध्ये काढलेला माणूस शेवटी पुढच्या डॉक्टरांना शिकवायला गेला.

भाचीला मी बापटांची ही गोष्ट सांगितली. तिने निबंधात ती घातली नाही, याचं मला बरं वाटलं. ते तिचं कारण नव्हतंच. तिने लिहिलं ते एवढंच: समोरचं माणूस दुखणं सांगत होतं आणि मला कळत नव्हतं, कळावंसं वाटलं.

साठ तास काही भरले नाहीत. एक्केचाळीस झाले, तेवढेच तिने नोंदवले. पुतणीचे तास मात्र कुणीच लिहून ठेवले नाहीत. रविवारी दोन तास, ती अजूनही जाते. जाऊबाई डबा भरून देतात.