सातबारा आणि सीएसएस प्रोफाइल

"शेत आजोबांच्या नावावर आहे. मग आमचं उत्पन्न शून्यच लिहायचं ना?"

सोलापूर जिल्ह्यातल्या एका डाळिंब बागायतदाराचा हा प्रश्न. त्याची मुलगी बारावी सायन्सला, तिला अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठात पदवीसाठी जायचं होतं. टेबलावर सातबारा, आठ-अ, सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा आणि बाजार समितीतल्या हिशोबपट्ट्यांचं रबर लावलेलं पुडकं होतं. समोर संगणकावर उघडा होता तो 'सीएसएस प्रोफाइल' नावाचा अर्ज. अमेरिकेतली बरीच खासगी विद्यापीठं कोणाला किती अर्थसाह्य द्यायचं हे या अर्जावरून ठरवतात. तो दर वर्षी १ ऑक्टोबरला खुला होतो.

असे अर्ज घरच्यांबरोबर बसून भरणं हे माझं काम. या कामात सर्वांत आधी मोडावी लागते ती फीच्या आकड्याची धास्ती. नामांकित खासगी विद्यापीठाचा राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च आज ८५ ते ९० हजार डॉलर, म्हणजे पाऊण कोटी रुपयांच्या घरात जातो. चार वर्षांचा गुणाकार करून बहुतेक पालक तिथेच थांबतात. पण हा आकडा सगळ्यांनी भरायचा नसतो. विद्यापीठ घरची मिळकत, मालमत्ता आणि खाणारी तोंडं पाहून 'तुम्हाला एवढं झेपेल' असा एक आकडा काढतं. एकूण खर्चातून तो वजा केला की उरते ती गरज. ती गरज अनुदान, विद्यापीठाच्या आवारातली नोकरी आणि काही ठिकाणी थोडं कर्ज यांतून भरली जाते. प्रिन्स्टनने २००१ साली कर्जाचा भाग काढून टाकला आणि त्या जागीही अनुदानच दिलं. हार्वर्डने २०२५-२६पासून वर्षाला १ लाख डॉलरपर्यंत मिळकत असलेल्या, सर्वसाधारण मालमत्तेच्या कुटुंबांकडून काहीही न घेण्याचं जाहीर केलं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्यासारख्या आयव्ही लीगमधल्या विद्यापीठांत गुणांवर किंवा खेळावर शिष्यवृत्ती मिळतच नाही. तिथली मदत फक्त गरजेवर असते.

हे पैसे येतात कुठून, हेही पालक विचारतात आणि त्यांनी विचारायलाच हवं. ते येतात देणग्यांच्या साठलेल्या ठेवीतून. लेडी मोल्सन म्हणजे अ‍ॅन रॅडक्लिफ या लंडनच्या बाईंनी १६४३ साली हार्वर्डला १०० पौंड दिले, ती तिथली पहिली शिष्यवृत्ती. आज त्याच विद्यापीठाची ठेव ५० अब्ज डॉलरच्या वर आहे. विद्यापीठांच्या अशा ठेवींमध्ये आपल्याकडचा पैसाही आहे. टाटांच्या शिक्षण न्यासाने २००८ साली कॉर्नेल विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून अडीच कोटी डॉलरचा एक निधी उभा राहिला. त्यातून भारतात शाळा शिकलेल्या, गरज असलेल्या भारतीय मुलांना पदवीसाठी मदत मिळते.

आता बागायतदाराचा प्रश्न. शून्य लिहायचं नाही. जमीन साडेसात एकर, आजोबांच्या नावावर. तीन भाऊ, वाटणी झालेली नाही. अशा वेळी घरात प्रत्यक्ष येणारा हिस्सा लिहायचा आणि वाटणी न झाल्याचं खुलाशाच्या रकान्यात सरळ सांगायचं. आम्ही पट्ट्या तारखेप्रमाणे लावल्या. एकूण विक्रीतून हमाली, तोलाई आणि वाहतूक गेली. मग छाटणी, फवारण्या, ठिबकची दुरुस्ती, मजुरी आणि सोसायटीचं व्याज. उरलेल्या रकमेतला त्यांचा वाटा काढता काढता दुपार गेली. "एवढंच राहतं होय," असं म्हणून तिचे वडील बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी हा हिशोब असा मांडलाच नव्हता. आकडे रुपयांतच भरता येतात, डॉलर करत बसावं लागत नाही. मात्र एक शून्य जास्त पडलं, तर नऊ लाखांचे नव्वद लाख होतात आणि तिकडे बसलेल्या माणसाला ते चुकलंय हे कळायला मार्ग नसतो.

खरी अडचण तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यापाशी येते. फी-सवलतीसाठी काढलेल्या दाखल्यावर अनेकदा फारच लहान आकडा असतो. पुढे तीच माणसं व्हिसासाठी सीएकडून मालमत्तेचं प्रमाणपत्र आणतात आणि त्यात कोटींचे आकडे असतात. एकाच घराचे हे दोन कागद वेगवेगळ्या टेबलांवर जातात, पण मुलगी एकच असते आणि दोन्हींवर नाव तिचंच असतं. मदत मागताना गरीब आणि व्हिसा मागताना श्रीमंत व्हायला सांगणारे सल्लागार मुलांचं फार मोठं नुकसान करतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे विवरणपत्र नसणं हा दोष नाही. तेवढं दोन वाक्यांत लिहावं आणि पट्ट्यांचं इंग्रजी भाषांतर जोडावं.

पण या सगळ्याहून महाग पडणारी चूक वेगळीच आहे. "आधी प्रवेश तर मिळू दे, पैशाचं मग बघू." हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते. आपल्याकडच्या शिष्यवृत्त्यांचा क्रम तसाच असतो, प्रवेश आधी आणि अर्ज नंतर, म्हणून ते सहज तोंडात येतं. अमेरिकेत परदेशी मुलांसाठी हा क्रम उलटा आहे. प्रवेशाच्या अर्जाबरोबर मदत मागितली नाही, तर नंतरची चारही वर्षं ती मागता येणार नाही, असा नियम पुष्कळ विद्यापीठांत आहे. सरकारी कर्ज आणि अनुदानं तिथल्या नागरिकांसाठी, त्यामुळे तीही वाट बंद.

म्हणजे सगळीकडे बिनधास्त मागावं का? इथे विद्यापीठांचे दोन प्रकार नीट समजून घ्यावे लागतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट ही, आणि २०२२मध्ये त्यांत आलेली डार्टमथ आणि बोडन, प्रवेश ठरवताना परदेशी मुलानेही मदत मागितली आहे की नाही हे पाहत नाहीत. नंतर आणखी काहींनी हेच धोरण घेतलं, तरी सगळी मिळून संख्या मोजकीच आहे. बाकी विद्यापीठांत परदेशी मुलाची मागणी प्रवेशाच्या तराजूत पडते. खूप मदत मागणाऱ्याला तिथे जागा कमी. तरीही माझा सल्ला बदलत नाही: गरज असेल तर पहिल्याच अर्जात मागा आणि पूर्ण मागा. प्रवेश मिळाला आणि पैसे नाहीत, हे पत्र हातात धरून रडणारी मुलं मी पाहिली आहेत. नकार त्याहून बरा, कारण त्यानंतर मूल दुसऱ्या वाटेला तरी लागतं.

अनुदान म्हणजे काय, हे त्या बागायतदारांना पटायला वेळ लागला. "हे फेडायचं कधी?" त्यांनी तीनदा विचारलं. फेडायचं नसतं, या उत्तरावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांच्या घरात बाबासाहेबांचा फोटो होता, म्हणून मी १९१३ सालची गोष्ट काढली. डॉ. आंबेडकर गेले ते कोलंबिया विद्यापीठही खासगीच. त्यांना मदत मिळाली ती विद्यापीठाकडून नव्हे, तर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्याबरोबर करार होता, परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा. विद्यापीठाच्या अनुदानात असा करार नसतो. ते ऐकून वडील म्हणाले, "मग पोरीनं परत यायचं की नाही हे तीच ठरवणार." हे त्यांनी आनंदाने म्हटलं की काळजीने, ते मला कळलं नाही.

अनुदान मिळालं तरी खिसा लागतोच. परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीच्या 'सेविस' शुल्काचे ३५० डॉलर आणि व्हिसाची फी आधी भरावी लागते. शिवाय जेवण-खोलीसाठी मिळणाऱ्या अनुदानावर परदेशी विद्यार्थ्याला तिथे कर लागतो, साधारणपणे १४ टक्के आधीच कापून घेतात. भारत आणि अमेरिका यांच्यातल्या करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला विवरणपत्र भरताना प्रमाणित वजावट घेता येते आणि कापलेल्यातला बराच भाग परत मिळू शकतो. ही सवलत माहीत नसलेली मुलं ते पैसे सोडून देतात.

मुलीला विद्यापीठाचं पत्र मार्चच्या अखेरीला आलं. प्रवेश होता, अनुदानही होतं, पण घराने भरायचा आकडा झेपणारा नव्हता. त्याच महिन्यात त्यांच्या शिवारात गारपीट झाली होती. विद्यापीठाला फेरविचाराची विनंती करता येते, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. मात्र त्यासाठी बदललेल्या परिस्थितीचा कागद लागतो, नुसती विनवणी चालत नाही. कागद होता: तलाठ्याचा पंचनामा, ३३ टक्क्यांपेक्षा जास्त नुकसान, खाली दोन पंचांच्या सह्या.

त्याचं भाषांतर मुलीने रात्री बसून केलं. सकाळी मी वाचायला घेतलं तर 'आंबे बहार' या शब्दांपुढे तिने 'मँगो' लिहून ठेवलं होतं. डाळिंबाच्या अर्जात आंबा कुठून आला, असं तिकडच्या माणसाला वाटलं असतं. तिने ते खोडलं आणि लिहिलं: जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा डाळिंबाचा हंगाम, फुलं झडली. सोबत झाडाखाली पडलेल्या लाल फुलांचा फोटो जोडला. बारा दिवसांनी उत्तर आलं, अनुदान वाढवल्याचं. वडील तेव्हा बागेत होते. तिने फोन केला तर ते म्हणाले, पंचनाम्याची मूळ प्रत जपून ठेव, सरकारी मदत अजून यायची आहे.